पंखाचं कापड

बंगळूरला गेलो होतो फेब्रुवारीत,
मेव्हण्यानं पास काढले म्हणून.
सोलापूरहून रात्रीची गाडी, डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि येलहंक्याच्या अलीकडं चार किलोमीटर
नुसती माणसंच, पहाटेपासून.

पाण्याची बाटली गेटावर काढून घेतली,
आत तसलीच साठ रुपयाला.
माझ्यापुढं एक उंच गडी, त्याच्या खांद्यावर पोरगं,
पोराच्या हातात झेंडा.
अर्धं आकाश मी त्या झेंड्याच्या कडेनं पाहिलं.

पण खोटं कशाला बोलू.
पूर्व भागातल्या कारखान्यात
चाळीस वर्षं मागाच्या खटखटीत गेलेत हे कान.
बायको काय म्हणते ते मला ओठांवरून कळतं.
विमान आधी निघून गेलं, गुपचूप,
आणि आवाज आला त्याच्या मागून
छातीच्या पिंजऱ्यात, दातांत, चपलेच्या तळव्यात.
मला ऐकू आलं हो!
मी अंबादास गज्जम, वय एकसष्ट,
अनोळखी गर्दीत तोंड उघडं टाकून रडलो.
नऊ विमानं एकदम वळली,
जेकार्डवर नऊ हूक एकदम उचलावेत
आणि एकही धागा तुटू नये, तशी.

संध्याकाळी मान धरली. बस मिळाली नाही.
मेव्हणा हरवला तो रात्री अकराला सापडला,
फोन बंद, पाय सुजलेले, कुणाचीतरी टोपी घातलेला.

आणि हे आपलं, बोरामणीच्या माळावरचं.
दाताचे डॉक्टर हत्तुरे कवळी बसवता बसवता
मास्क खाली करून म्हणाले,
"रविवारी या, आम्ही चारजण उडतोय."
चारातला लातूरचा धुक्यामुळं आलाच नाही.
कलबुर्गीचा आला, पण रस्त्यानं, जीपवर पंख बांधून.
तिसऱ्याचा प्लग गेला.
उरले डॉक्टर आणि वारा.
वारा थांबेना, म्हणून डॉक्टर थांबले.

नऊ वाजले. बारा वाजले.
माळावर बाभळ एकच,
तिची सावली शेळ्यांनी आधीच धरलेली.
लास्या, माझी नात, दर दहा मिनिटांनी समोर येऊन विचारी,
"ताता, सुरू कधी होणार?"
इस्माईलच्या किटलीतला चहा संपला, मग साखरही.
कंटाळा कुठं राहतो असं कुणी विचारलं
तर मी त्या माळाचा पत्ता देईन.

उगाच उठलो, जवळ गेलो.
दोरी नाही, शिपाई नाही, दुरून बघा म्हणणारं कुणी नाही.
पंखावर हात ठेवला.
अहो, हे तर कापड!
अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं,
सवय सुटते होय?
पॉलिस्टर, साधी वीण, ठरावीक अंतरानं एक जाड धागा,
म्हणजे चिरलं तरी चौकटीतच अडेल.
डाव्या काठाला एक गाठ राहिलेली.
म्हटलं, डॉक्टर, विणणारा इथं जेवायला उठला होता.
ते बघतच राहिले माझ्या तोंडाकडं.
तसं ते नेहमीच बघतात म्हणा.

वारा पडला तेव्हा साडेचार झाले होते,
निम्मे लोक घरी गेले होते.
डॉक्टर उडाले. मला काही ऐकू आलं नाही.
लास्यानं माझ्या तळहातावर बोटांनी वाजवून दाखवलं,
टकटक टकटक, जुन्या लूनासारखं.
एक चक्कर, फार तर सात मिनिटं.
वरून त्यांनी हात केला, कुणाला ते कळलं नाही,
म्हणून आम्ही अकराच्या अकरा जणांनी हात केला.
शेळ्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

बंगळूरला परत जाईन, पास मिळाला तर.
तो आवाज पुन्हा एकदा हवाय, मानेचं काय व्हायचं ते होवो.
पण रात्री डोळा लागता लागता
ती काठाची गाठच आठवते.
डॉक्टरांना निरोप धाडलाय, कात्री लावू नका तिला.
गाठ कापायची नसते.
बोट ओलं करून
दाबून बसवायची असते.
मी येतो.